मिसेस थेअरचं घर

पाकीट उघडल्यावर माणसानं हसायचं असतं, एवढं मार्सेला हुडाकला कळत होतं, म्हणून ती हसली. सोमवारची संध्याकाळ, पावणेपाच वाजलेले. क्लीव्हलंडच्या मोटार क्लबाच्या कचेरीतून शेवटचा सभासद नुकताच बाहेर पडला होता, रस्त्याच्या कडेला मार्चमधला काळपट बर्फ ढिगाढिगानं पडून होता, आणि काउंटरच्या अलीकडे पाचही जणी अन् व्यवस्थापक ग्रोसबेकसाहेब टाळ्या वाजवायच्या बेतात उभे होते. पाकिटात दोन रंगीत पत्रकं निघाली. एकावर समुद्र, काळे खडक आणि दीपस्तंभ. दुसऱ्यावर तांबूस मातीच्या भिंती, भिंतींवर टांगलेल्या लाल मिरच्यांच्या माळा आणि वर नको इतकं निळं आभाळ. "एकतीस वर्षं तू लोकांना वाटेला लावलंस," ग्रोसबेकसाहेब म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी घरी आरशापुढं म्हणून बघितलेलं असणार हे सगळ्यांना कळलं, "आता आम्ही तुला वाटेला लावतोय! बारा दिवस. जाणं, येणं, राहणं, सगळं कचेरीकडून. मेन राज्याचा किनारा नाही तर सांता फे. दोन्हींतलं एकच हं! शुक्रवारी दुपारपर्यंत सांग, म्हणजे तिकिटं काढता येतील." शुक्रवार हा तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. "हिला काय विचारताय?" टेलिफोनवरची ग्लेंडा खिदळली. "हिचं उत्तर आख्ख्या कचेरीला तोंडपाठ आहे. पेल्टन्स हार्बर! मिसेस थेअर! ब्लूबेरीचा केक!" सगळे हसले. मार्सेलाही हसली, आणि हसता हसता तिनं काउंटरची कड धरली. डेल्फीन पेटवे तेवढी हसली नव्हती. ती पाकिटाकडे बघत होती. पण त्या वेळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गंमत म्हणा नाही तर पाप म्हणा, मार्सेला हुडाक पेल्टन्स हार्बरला कधी गेलेलीच नव्हती. मेनला नाही, सांता फेला नाही, कुठंच नाही. आणि तिचं काम काय, तर लोकांना वाट दाखवण्याचं. सभासद यायचे, कुठं जायचंय ते सांगायचे, आणि मार्सेला मागच्या कप्प्यांतून हातभर लांब, वीतभर रुंद नकाशांची पानं काढून, क्रमानं लावून, वर तार ओवून त्यांची वही करायची. मग नारिंगी शाईच्या जाड पेनानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक सलग रेघ. जिथं रस्ता खणून ठेवलाय तिथं लाल शिक्का. हे तर कुणीही करील. पण मार्सेलाच्या खिडकीपुढंच रांग लागायची, कारण तिची रेघ बोलायची. "इथं उजवीकडे वळलात की खिडकीची काच खाली करा. मिठाचा वास येतो. समुद्र अजून वीस मैल लांब असतो, पण वास येतो." लोक विचारायचे, तुम्ही स्वतः गेलात वाटतं? आणि मार्सेला म्हणायची, "चौसष्ट साली. जूनमध्ये. पोस्टाच्या मागं पिवळं घर आहे, मिसेस थेअरचं. नऊ दिवस राहिले. अजून डोळ्यांपुढं आहे." आणि खरंच डोळ्यांपुढं होतं, हीच तर पंचाईत. जिन्याची तिसरी पायरी करकरायची ती तिला ऐकू येत असे. मिसेस थेअरच्या एप्रनला डाव्या बाजूला शिवलेला खिसा होता, त्यात ती कपड्यांचे चिमटे ठेवायची. एवढं तर तिला आपल्या सख्ख्या आईच्या एप्रनचंही सांगता आलं नसतं.

घरी जाणाऱ्या बसमध्ये ती दोन्ही पत्रकं मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईनं वाकून बघितलं, म्हणाली, "मज्जा आहे बुवा एका माणसाची," आणि मार्सेलानं हो म्हटलं. मज्जा! एका माणसाची म्हणजे एकाच माणसाची, बाई. बसच्या काचेवर आतून वाफ धरली होती, ओल्या लोकरीचा वास सुटला होता, आणि त्या वासानं तिला उगाच चौसष्ट सालचा तो जून आठवला. लोकरीचा आणि जूनचा काय संबंध, पण आठवण काही विचारून येत नाही. एमरी कोव्हाच तेव्हा अपघातांच्या दाव्यांच्या टेबलावर होता. उंच, जरा वाकलेला, बोलताना टाय चाचपायचा. मार्सेला एकतीस वर्षांची, टेलिफोनवर बसायची, आणि लग्नाचं वय उलटलं असं घरी आई रोज बोलून दाखवायची. एमरीच म्हणाला होता, मेनला जाऊ या का, गाडीनं. खोल्या दोन घेऊ, तसं काही मनात आणू नकोस. तिनं तसलं बरंच काही मनात आणलं होतं. वाट तिनंच आखली, आयुष्यात आखलेली पहिली नारिंगी रेघ. शनिवारी सकाळी सात वाजता सेंट सिरिलच्या चर्चमागच्या मोकळ्या जागेत भेटायचं ठरलं. ती भावाची गाडी मागून घेऊन साडेसहालाच पोचली. सात वाजले, आठ वाजले. एक पाद्री येऊन दार उघडून गेला, त्यानं लांबून हात केला. नऊला दहा कमी असताना तिनं गाडी चालू केली. घराकडे वळायचं, ते ती पूर्वेकडे वळली, कारण रेघ पूर्वेकडे जात होती.

शंभर मैल गेली ती. सगळी वाट साडेनऊशे मैलांची. एरी गावाशी पोचली आणि थांबली. स्टिअरिंग फिरेना म्हणा, फिरवावंसं वाटेना म्हणा. हमरस्त्याच्या कडेला एक मोटेल होतं, तिथं तिनं खोली घेतली, आजच्या दिवसापुरती. मग उद्याच्या. मग नऊ दिवस. परत जायचं तर कचेरीभर झालेलं, मार्सेला मेनला चालली. पुढं जायचं तर कुणाबरोबर? खोलीत हिरवी चादर होती, खरबरीत, तिचे वळ दंडावर उठायचे. त्या वर्षी गावालगतच्या अफाट तळ्यात मासे मरून किनाऱ्याला लागले होते आणि वारा फिरला की तो वास खोलीत भरायचा, खिडकी लावली तरी. रोज सकाळी झाडणारी बाई दार वाजवायची. "अजून आहात होय?" मार्सेला म्हणायची, "आहे." दिवसभरात तोंडातून निघालेला तेवढाच शब्द. ती पलंगावर बसून प्रवासाचं पुस्तक वाचायची, आणि नकाशावर बोट ठेवून त्या त्या दिवशी जिथं पोचायला हवं तिथं पोचायची. रविवारी ऑल्बनी. सोमवारी पोर्टस्मथ. मंगळवारी दुपारी पेल्टन्स हार्बर. पुस्तकात त्या गावाच्या वाट्याला पाच ओळी होत्या, आणि राहायची सोय काही दिलेली नव्हती. मग रात्री राहायचं कुठं? तिला खरोखर काळजी पडली, हसू नका. पोस्टाच्या मागं एक घर बघितलं तिनं, पिवळं. दार वाजवलं. आतून एक बाई आली, तिच्या एप्रनला डाव्या बाजूला खिसा होता. "एकटीच आहेस का गं?" त्या बाईनं विचारलं, आणि तिच्या विचारण्यात कीव नव्हती. मार्सेला त्या हिरव्या चादरीवर पालथी पडून तेव्हा जी रडली, ती त्या नऊ दिवसांत एकदाच.

परतल्यावर खोटं बोलायचं तिनं काही ठरवलं नव्हतं. गेले नाही, पाय मुरगळला, असं काहीतरी सांगून मोकळी झाली असती. पण कॉफीच्या यंत्रापाशी पहिला भेटला तो एमरीच. टाय चाचपत म्हणाला, "माफ कर, त्या दिवशी जमलंच नाही. कसं होतं मेन?" आणि तिच्या डोक्यात अशी सणक गेली! ह्याला सांगायचं, की एरीच्या मोटेलात डब्यातले पीच खाऊन नऊ दिवस काढले? मेले तरी सांगणार नाही. तिनं सांगितलं ते पिवळ्या घराचं. खिडकीतून दिसणाऱ्या होड्यांचं, दाराशी आणून ठेवलेल्या गरम केकचं, धुक्यात वाजणाऱ्या घंटेचं. त्याला जळवायला सांगत होती, पण आजूबाजूला चारजण जमले, आणि तेव्हाचे व्यवस्थापक मागं उभं राहून ऐकत होते. महिन्याभरात तिला टेलिफोनवरून उठवून काउंटरवर बसवलं. एमरी कोव्हाच पुढं लग्न करून ॲक्रनला गेला. त्याच्या जाण्याचं दुःख तिला झालं, पण आता मिसेस थेअर होती. आईसाठी तिनं इथल्याच दुकानातून ब्लूबेरीच्या मुरंब्याची बाटली घेतली होती आणि वरचा कागद गरम पाण्यात भिजवून खरवडून काढला होता. आई वर्षभर पुरवून पुरवून खात होती, म्हणायची, तिकडच्या हवेची चवच वेगळी. आई गेली शहाऐंशीत. तेव्हापासून मार्सेलानं घरात कुणाशी खोटं बोललेलं नाही, कारण घरात कुणी नाही.

मंगळवार आणि बुधवार तिनं दोन पत्रकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर उभी करून काढले. शहाणपणानं बघितलं तर सांता फेच बरं. तिथं तिला कुणी ओळखत नाही, तिनं तिथल्याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं नाही, खरं करून दाखवायला काही नाही. उतरायचं, मातीच्या भिंती बघायच्या, तिखट काहीतरी खायचं, परत यायचं. ती प्रयत्नानं तिथं गेलीही. एक चौक दिसला, चौकात ऊन. उन्हात बाक. बाकावर एक बासष्ट वर्षांची बाई, पायांवर पर्स. बाई बसून राहिली. तिच्याशी कुणी बोलेना. "एकटीच आहेस का गं?" असं विचारायला तिथं कुणी मनुष्य नव्हतं, आणि नवीन कुणी बनवायची तिची आता ताकद नव्हती, एका आयुष्यात एक घर बांधून होतं, दुसरं कुठून बांधणार? मग मेन. मेनला जायचं म्हणजे पोस्टाच्या मागं जाऊन उभं राहायचं आणि बघायचं, की तिथं नुसतं गवत आहे. नाही तर कुणाचं तरी भलतंच घर आहे, पांढरं, त्यात भलतीच माणसं. त्या क्षणी मिसेस थेअर मरणार. आणि ती मेली की मार्सेलाजवळ काय उरतं? एरी उरतं. तिला वाटलं, लोकांना गोतावळा असतो, घरची नसली तरी दारची चार माणसं असतात. माझं जिवाभावाचं माणूस एकच, आणि तेही मीच केलेलं. हे तिनं मोठ्यानं म्हटलं, भांडी विसळता विसळता, आणि आपलाच आवाज ऐकून तिला लाज वाटली. तरी मेनचं पत्रक उचलून कचऱ्यात टाकणंही तिला जमेना. कचेरीतले लोक तिच्यावर माया करत होते, पण कुणावर? जी चौसष्ट साली गाडी काढून एकटी मेनला गेली त्या धीट मार्सेलावर. एरीच्या मार्सेलाला ह्यांतलं कुणी भेटलेलं नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुटीत डेल्फीन पेटवे मागच्या खोलीत तिच्या समोर येऊन बसली. डेल्फीन एकोणीस वर्षं शेजारच्या काउंटरवर होती, दोघींच्या खुर्च्यांत हातभर अंतर, आणि एकोणीस वर्षांत दोघी एकमेकींच्या घरी गेलेल्या नव्हत्या. मार्सेला शहराच्या पश्चिमेला राहायची, डेल्फीन पूर्वेला, आणि क्लीव्हलंडमध्ये गोरे पश्चिमेला अन् काळे पूर्वेला हे सांगावं लागत नाही, नदीच सांगते. डेल्फीननं डबा उघडला, पण खाईना.

"मार्सी, एक विचारू? काय ठरवलंस?"

"अजून कुठं काय ठरलंय."

"मेन घेणार असशील ना? घे. तुझा हक्क आहे. पण तुला कळायला हवं, ते सांता फे पाकिटात मी घातलंय. पोरी नुसतं मेनच देणार होत्या. म्हणाल्या, हिला दुसरं काय रुचणार. पण त्या गावाचं नाव लिहून पाकीट चिकटवायला माझा हात होईना."

"का गं?"

"माझी आई गेली होती तिथं, आठवतंय? एकोणऐंशी साली. तूच वाट आखून दिलीस."

आठवत नसायला काय झालं? ओडेसा पेटवे, शाळेच्या खानावळीत तीस वर्षं रांधलेली, सत्तरीला टेकलेली बाई, स्वतःची ब्यूक गाडी घेऊन एकटी मेनला निघाली होती, आणि डेल्फीन म्हणाली होती, आईला राहायला एखादी चांगली जागा सांग. तेव्हा सांगता आलं असतं, की मिसेस थेअर वारली, घर बंद झालं. दोन शब्दांचं काम. पण मार्सेलानं शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून दिलं होतं: पोस्टाच्या मागं, पिवळं घर, मिसेस थेअरना माझा नमस्कार सांगा. का लिहिलं? तो नमस्कार तिला खरोखर पाठवायचा होता, बस. आई परतल्यावर डेल्फीन एवढंच म्हणाली होती, "छान झाली ट्रिप." आणि मार्सेलाला तेव्हा हायसं तर वाटलंच, पण त्याहून वेडगळ म्हणजे क्षणभर वाटलं, घर सापडलं वाटतं.

"छान कुठली," डेल्फीन म्हणाली. "मी खोटं सांगितलं तुला. आई दोन दिवस ते घर शोधत होती. पोस्टातल्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, असलं घर ह्या गावात नाही, कधी नव्हतं, आणि थेअर नावाचं कुणी नाही. आईला सगळा उलगडा झाला. माझं तोंड बघितलं आणि घर गायब झालं, म्हणाली. आमच्या आईनं दक्षिणेत लहानपण काढलंय, काळा माणूस दिसला की गायब होणारी असली घरं तिनं पुष्कळ बघितलीत. तिनं त्या बाईला भर पोस्टात नाही नाही ते सुनावलं, आणि रात्र गाडीत झोपून काढून परत आली. आणि मी काय केलं असेन? मी आईलाच बोलले. म्हटलं, आई, आता ते दिवस राहिले नाहीत, तू चुकीच्या गावाला गेली असशील, मार्सी तिथं नऊ दिवस राहिलीय, घर आहे. तुझं डोकं चालत नाहीसं झालंय. आई म्हणाली, माझं डोकं शाबूत आहे. आम्ही भावंडांनी मिळून पुढच्या वर्षी तिच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. वाट चुकते म्हणून. तिला कधी सांगितलंच नाही, पण ते तिथूनच सुरू झालं."

"मला का नाही विचारलंस तेव्हा?" मार्सेलानं विचारलं.

"तुला काय विचारायचं? तुला त्यांनी केक दिला होता." डेल्फीननं डब्याचं झाकण लावलं. "आता मला वाटतं आईच खरी होती. नाही तर कुणी असं तोंडावर खोटं बोलतं का? ह्या रविवारी जाणार आहे मी तिच्याकडे, वृद्धाश्रमात. शहाऐंशी वर्षांची झालीय. पाया पडून सांगणार आहे, आई, तू बरोबर होतीस, त्या गावानं तुला दारातून घालवलं, मी गाढव. तू मेन घेऊ नकोस असं मी म्हणत नाही हं. तू तुझं ठरव."

मार्सेला दुपारभर रेघा ओढत होती. एका सभासदाची रेघ भलत्याच फाट्यावर गेली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं ते पान फाडून दुसरं घेतलं. संध्याकाळी बसनं ती आपल्या थांब्यावरून पुढं गेली आणि तिला कळलंही नाही. उतरून मागं चालत आली. चालता चालता सोपा हिशेब मांडत होती. सांता फे म्हटलं की सुटका. डेल्फीनला बरं वाटेल, म्हणेल मार्सीनं माझा मान राखला. रविवारी ती आईची माफी मागेल, म्हातारी सुखानं डोळे मिटेल. मिसेस थेअर जिवंत राहील. कुणाचं काही अडणार नाही, एक ते गाव सोडलं तर; आणि गावाला काय कळतंय? लबाड तर लबाड, लांबच आहे साडेनऊशे मैल. इतकं सगळं छान जुळत होतं, की ती चालायची थांबून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. आपण एकटे आहोत, आपल्यात कुणाला यायचं नाही, आपलं कुणाला काही नाही, असं ती जन्मभर धरून चालली होती. आणि इकडे तिच्या नऊ दिवसांच्या रडगाण्यानं एक म्हातारी गाडीत झोपली होती. त्या म्हातारीच्या किल्ल्या गेल्या होत्या. पोस्टातली कुणी बाई खरं बोलून शिव्या खाऊन बसली होती. असल्या एकटेपणाला काय म्हणायचं?

शुक्रवारी अकराला केक आला. ग्लेंडा काउंटरवर सुरी शोधत होती. मार्सेला डेल्फीनला म्हणाली, "जरा आत ये," आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. तिनं पाठ करून आणलेलं एक वाक्य होतं, ते आठवेना.

"डेल्फीन, ते घर नाहीये."

"मला माहितेय गं, आता पाडलंही असेल."

"पाडलं नाही. नव्हतंच. मी कधी गेलेच नाही मेनला. एरीत बसले होते नऊ दिवस, एका मोटेलात. एमरी कोव्हाच आला नाही म्हणून. घर मी मनानं केलं. मिसेस थेअरपण. पोस्टातली बाई खरं बोलत होती."

डेल्फीन ओरडेल, असं मार्सेलाला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. डेल्फीननं भिंतीवरच्या टेलिफोनचा रिसीव्हर काढला, नंबर फिरवला, कुणाला तरी म्हणाली, "मिसेस पेटवेंना द्या," आणि रिसीव्हर मार्सेलापुढं धरला. "मला नको सांगू. तिला सांग."

पलीकडे दूरदर्शनचा आवाज येत होता, कुणीतरी बक्षीस जिंकलं होतं. मग एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "कोण?"

"मिसेस पेटवे, मी मार्सेला हुडाक, मोटार क्लबातून."

"क्लब? मला काय उपयोग तुमच्या क्लबाचा? माझ्या किल्ल्या पोरांनी घेतल्या."

मार्सेलानं सांगितलं. सगळं एका दमात, एरी, चादर, पुस्तकातल्या पाच ओळी. पलीकडे दूरदर्शन बंद झालं.

"परत बोल. सावकाश."

ती परत बोलली.

"म्हणजे ती पोस्टातली बाई खरं सांगत होती."

"हो."

"अरे देवा!" म्हातारी म्हणाली. "मी काय काय बोलले गं तिला! तुला देव बघून घेईल, म्हटलं. तुझी मुलंबाळं रस्त्यावर झोपतील, म्हटलं. चष्मा काढून रडली ती. मला वाटलं, नाटकं करतेय. सोळा वर्षं मी त्या गावाला शिव्याशाप देतेय रोज रात्री, प्रार्थनेच्या आधी. आणि इथं माझी पोरगी मला खुळी म्हणतेय. आम्ही सगळ्याच खऱ्या होतो की गं. तू तेवढी..." ती थांबली. "वय काय तुझं आता?"

"बासष्ट."

"पोर आहेस. डोळे बरे आहेत? गाडी चालवतेस?"

"चालवते. आता गाडी नाही, पण येते."

"मग तू जाणार. मी काही जाऊ शकत नाही. लिहून घे. खिडकीवर पाटी होती तिची, मी काही विसरलेली नाही, माझं डोकं शाबूत आहे: मिस विनिफ्रेड स्टॉडर्ड. तिला सांगायचं, ओडेसा पेटवे चुकली. आधी माझं सांगायचं, मग तुझं. आणि नसली जिवंत, तर तिचं कोण असेल त्याला सांगायचं. कळलं का?"

"कळलं," मार्सेला म्हणाली. तिनं हाताशी असलेल्या कागदावर नाव लिहिलं होतं.

"दे आता माझ्या लेकीला."

डेल्फीननं रिसीव्हर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "आई," एवढंच म्हणाली. पलीकडून म्हातारीच बोलत होती. मार्सेला उभी राहिली. थांबावं की जावं तिला कळेना. डेल्फीननं मागं न बघता हातानं तिला खूण केली, जा. त्या खुणेत माफी नव्हती. मार्सेला दार उघडून बाहेर आली.

बाहेर सगळे केकभोवती उभे होते. ग्रोसबेकसाहेबांच्या हातात तिकिटांचा अर्ज होता. "मग? काय ठरलं?"

"मेन. पेल्टन्स हार्बर."

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" ग्लेंडानं टाळी दिली. "चालली आपल्या मिसेस थेअरकडे!"

"नाही," मार्सेला म्हणाली, "मिस स्टॉडर्डकडे."

"ही कोण आणखी नवीन? कधी बोलली नाहीस ती!"

"कशी बोलणार?" मार्सेला म्हणाली. "अजून भेटायचीय."